पांझरेवरून जाणाऱ्या फाइली

लग्नसराईत माणूस माणसात राहत नाही, आणि लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारी बाई तर अजिबातच नाही. धुळ्याला पाचव्या गल्लीत आमचा छोटा स्टुडिओ. नवरा शूटिंग करतो, मी एडिटिंग. काउंटरच्या मागे, खिडकीशी माझी खुर्ची. लग्न झालेल्या मुली यायच्या, शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "ताई, आत्याचं ते रुसणं काढून टाका ना, सासरचे बघतील." मान मोडून यायची, डोळे चुरचुरायचे, पण त्या खुर्चीत मी कामाची बाई होते. घरी होते ती सून.

मग आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला. घर देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे. त्यांच्याजवळ सतत कुणीतरी पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. कुणीतरी म्हणजे कोण, हे घरात कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून माझी वाटणी झाली. सकाळी दुकानात जायचं, डिस्कवर फुटेज भरून घ्यायचं, स्कूटीनं पूल ओलांडून घरी. आबांचं खाणं, औषधं, अंग पुसणं, मधल्या वेळात घरच्या कॉम्प्युटरवर काम. संध्याकाळी शेजारच्या काकूंना बसवून परत डिस्क घेऊन दुकानात. पुलावर खड्डा आला की मी एका हातानं पिशवी दाबून धरायची, कारण तिच्यात कुणाचं तरी अख्खं लग्न असायचं. जीव मेटाकुटीला यायचा. तरी संध्याकाळी थोडा वेळ खुर्चीत बसायला मिळायचं, तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

आमच्या यांना माझे हाल दिसत नव्हते असं नाही. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण आहे. एक दिवस म्हणाले, "तुझी ही ये-जा बंदच करून टाकतो." आणि जळगावहून नेटवर्किंगचं सामान बसवणाऱ्या एकाला बोलावलं.

तो आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, एकदा हे बसलं ना, की घरबसल्या काम." हा घरबसल्या शब्द ज्यानं काढला, त्याला एकदा महिनाभर घरी बसवला पाहिजे.

आधी यांचं म्हणणं होतं की इंटरनेटवरूनच पाठवू. मी हसले. आमच्या गल्लीतल्या लाइनवर एका लग्नाचं फुटेज चढवायला लावलं, तर मुलगी सासरी नांदून माहेरपणाला परत येईल, तरी ते देवपुरात पोहोचणार नाही. मग त्या जळगाववाल्यानं स्वस्तातला उपाय काढला. दुकानाच्या गच्चीवर चारी दिशांना सिग्नल फेकणारा एक अँटेना, घराच्या गच्चीवर तसाच दुसरा. झालं काम.

झालं नसतं. मध्ये नदी, पाण्याची टाकी, निम्म्या देवपूरचे वायफाय. आठवड्याभरात बोंब झाली असती, लिंक पडली असती, आणि मी पुन्हा डिस्क घेऊन पुलावर. मला फक्त गप्प बसायचं होतं. माझी खुर्ची वाचवायला एवढंच पुरेसं होतं.

पण मला चुकीचं काम समोर होताना बघवत नाही. एखादा कट जरा मागेपुढे झाला तरी मला जेवण गोड लागत नाही, तर हे कसं सोडणार? तोंड उघडलंच. म्हटलं, चारी दिशांना नको, एकमेकांकडे तोंड केलेले दोन रेडिओ-अँटेना लावा, थेट या गच्चीवरून त्या गच्चीवर. आमच्या घराच्या गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहिलं की टाकी आड येत नाही. केबल बाहेरची, उन्हाला न तडकणारी. विजेसाठी अर्थिंग. दुकानात एक मोठा स्टोरेज डबा, त्यात दोन डिस्क, एक गेली तरी दुसरी राहील. मूळ फुटेज तिथंच राहू दे. घरी फक्त त्याच्या हलक्या कॉपी येतील, मी त्यांच्यावर एडिट करीन आणि शेवटचा व्हिडिओ दुकानातल्या मशीनवर तयार होईल.

"वहिनींना बरंच कळतं की," तो म्हणाला. हे तर कौतुकानं बघतच राहिले. आपल्याच पायावर धोंडा मारून घेताना माणसाला शाबासकी मिळते, ती अशी.

लिंक बसली. वारा-वादळातही पडली नाही. दुकानात शूटिंगचं कार्ड कॉम्प्युटरला लागलं की थोड्या वेळात कॉपी माझ्यासमोर. आबा पलंगावरून बघायचे आणि अडखळत म्हणायचे, "आते बठ्ठं घरमाच. बरं शे." आता सगळं घरातच, याचं त्यांना बरं वाटायचं; मनात माया होती. मी मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मुलींचे चेहरे दिवसभर पडद्यावर, पण एकीशीही बोलणं नाही. काय काढायचं, काय ठेवायचं, ते यांच्या फोनवरून कळायचं. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

एका दुपारी काकूंना बसवलं आणि काही कारण नसताना दुकानात गेले. काउंटरवर नवीन ठेवलेली मुलगी होती. माझ्याकडे बघून गोड हसली. "या ताई. पासपोर्ट का?"

खिडकी दिसतच नव्हती. तिथं पांढरा पडदा, त्यापुढे स्टूल, बाजूला दिवा. माझी खुर्ची आत अडगळीत, तिच्यावर फ्रेमांची खोकी.

हे आतून आले. "अगं, तू? आबांजवळ कोण?"

नऊ वर्षं जिथं बसले, तिथं पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न हा.

"काकू आहेत आत्ता. उद्यापासून दुपारनंतर तुम्ही."

"म्हणजे?"

"ती लिंक काय फक्त दुकानातून घरी येते? घरूनही दुकानात जाते. फोटो निवडायचे, अल्बम लावायचे, हे तुमचं काम तिकडूनही होतं. शूटिंग असेल तेव्हा मी घरी थांबेन. बाकीच्या दिवशी मी इथं."

"पण आबांचं... मला कसं जमेल?"

"मला कसं जमलं? वडील तुमचे आहेत."

ती मुलगी पावतीपुस्तकात डोकं घालून बसली.

"बघू," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून मी हे ‘बघू’ ऐकत आले. मी आत गेले, खोकी खाली ठेवली, खुर्ची बाहेर ओढली. पडदा गुंडाळून बाजूला केला आणि खिडकीशी बसले.

"उद्या कशाला, आजच जा," मी म्हणाले. "भात पातळ लागतो त्यांना. चमच्यानं भरवा, आणि घाई करू नका, ठसका लागतो."

त्यांनी हातातला कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "औषधं कुठं असतात?"