पिंपातलं इंजिन

धक्क्यावर दिनूच्या होडीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन पाण्याच्या पिंपाला अडकवलेलं असतं. दोरी ओढली की ते निळा धूर सोडत भडकतं, पिंपातलं पाणी घुसळून काढतं आणि जागचं हलत नाही. पिस्टन नवा, कार्बोरेटर मोठ्या इंजिनाचा बसवलेला. दिनू कान देतो, मान हलवतो, इंजिन बंद करून पुन्हा खोलतो. मला तर आवाज कालही चांगलाच वाटला होता. गेल्या पावसाआधी ते खाडीच्या तोंडाशी, ऐन लाटांत बंद पडलं होतं. तेव्हापासून हे असंच चाललंय.

आज बघता बघता मी चिडलेच. पण मला चिडायचा काय हक्क? बहिणीशी माझा अबोला आहे. तिला म्हणायचं एक वाक्य मी कित्येक महिने मनात घासतेय, शब्द काढतेय, दुसरे बसवतेय. मनात ते एका झटक्यात सुरू होतं आणि तिथंच गरगरत राहतं.

दिनूनं इंजिन बंद केलं, तशी त्याची आई फाटकं जाळं बाजूला सारून उठली.

"पिंपातच मासे गावतले काय रे तुका?"

"आवाजात अजून खोट आसा, आये."

"आवाजात नाय." तिनं स्वतःच इंजिनाचे स्क्रू सैल केले. "उचल. मी बसतंय होडयेत."

दोघांनी इंजिन उचलून नेलं, तरी पिंपातलं पाणी गोल फिरतच होतं. मी बघत राहिले. ते केव्हा थांबलं कळलं नाही. मान वर केली तेव्हा होडी खाडीच्या तोंडाशी पोचली होती, आणि मी हातात फोन धरून अजून धक्क्यावरच.