अर्ध्यावर बंद केलेल्या मॅचेस

धर्मपालच्या घरी मॅच बघायला जायचं तर एक गोष्ट मनाशी पक्की धरून जावं लागतं. चहा मिळेल, चिवडा मिळेल, पण मॅचचा शेवट बघायला मिळेलच असं नाही.

सिडनीतल्या वेस्टमीडला आम्ही एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी राहतो. आमच्या बाल्कन्यांच्या मध्ये फक्त एक पत्रा आहे. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मी आयटीत. तो मूळचा नागपूरजवळच्या कामठीचा. तिथली पोरं चालायला शिकतात तीच मुळी फुटबॉलच्या मागे, असं तो छातीठोकपणे सांगतो. मी पडलो पुण्याचा, क्रिकेटवर वाढलेला. पहिल्या भेटीत मी आपल्या सवयीनं आडनाव विचारलं, तर हा हसून म्हणाला, "जय भीम. घे, तुझे पुढचे चार प्रश्न वाचवले." मला राग आला आणि हसूही आलं. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

त्याचा नियम असा. युरोपातली मॅच चालू असताना प्रेक्षकांनी एखाद्या काळ्या खेळाडूला बघून माकडाचे आवाज काढले, कुणी केळं फेकलं, की धर्मपाल रिमोट उचलणार आणि टीव्ही बंद करणार. मग फायनल असो नाहीतर आणखी काही. "ज्या मैदानात माणसाला माणूस म्हणत नाहीत, तिथला खेळ मी पाहणार नाही," एवढं बोलून तो चहा टाकायला जातो. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा त्यानं चक्क सासऱ्यांचा टीव्ही बंद केला होता. सगळं घर मॅचला बसलेलं! नलिनी, म्हणजे त्याची बायको, ही गोष्ट आजही रंगवून सांगते. मी तर त्याला तोंडावर म्हणायचो, "अरे, तू इथे बटण दाबलंस म्हणून तिकडे कुणाला घाम फुटणार आहे?" तो म्हणायचा, "मले तर फुटते ना."

त्यांची एकुलती एक मुलगी क्षितिजा. तेव्हा चौदा वर्षांची होती. बापाचा रंग, बापाची उंची आणि बापाचं फुटबॉलवेड, तिन्ही तिनं जसंच्या तसं उचललेलं. दर शनिवारी सकाळी तिच्या क्लबची मॅच असायची. इथे हाफटाइमला पोरांना संत्र्याच्या सालीसकट चिरलेल्या फोडी देतात. त्या कापून न्यायचं काम धर्मपालनं कायमचं अंगावर घेतलं होतं. फोडी कापताना इथल्या संत्र्यांना नावं ठेवणं हाही त्या कामाचाच भाग. "याले संत्रा म्हणतात का रे? अंगात काही दमच नाही." आणि पोरी तर मिटक्या मारत खायच्या.

दोन हजार एकवीसच्या जून अखेरीला सिडनीत लॉकडाऊन लागला. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. लॅबमध्ये स्वॅबचे ढीग येत होते. धर्मपाल शिफ्टवरून आला की आधी आंघोळ, मग बाल्कनीत खुर्ची टाकून नुसता बसायचा. पत्र्याच्या अलीकडे मी माझी खुर्ची टाकायचो. इथे जून-जुलैत हिवाळा; आमची मैत्री त्या थंडीत त्या पत्र्यावर चालली.

जुलैत युरोपची फायनल आली, इंग्लंड आणि इटलीची. इथे सिडनीत सोमवारची पहाट. तो त्याच्या घरात, मी माझ्या, दोघांचे टीव्ही चालू आणि बाल्कनीची दारं थंडी सोसून उघडी. मॅच पेनल्टीवर गेली. इंग्लंडची तीन तरुण पोरं चुकली, तिन्ही काळी. पलीकडून एरवी ओरडा येतो, तो आला नाही. थोड्या वेळानं धर्मपाल बाहेर आला आणि म्हणाला, "आता पाह्य शैलेंद्र, काय काय लिहितील या पोरांबद्दल."

तसंच झालं. दुपारपर्यंत फोनवर बातम्या आल्या. त्या तिघांच्या खात्यांवर लोकांनी माकडांची चित्रं आणि नको नको त्या शिव्या टाकल्या होत्या. धर्मपाल दिवसभर पिंजऱ्यातल्यासारखा फेऱ्या मारत होता. मॅच संपलेली. बंद करायला काही उरलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात नलिनीला देणगीच्या कपड्यांच्या पिशवीत क्षितिजाचे फुटबॉलचे बूट सापडले. चांगले, त्याच वर्षी घेतलेले. तिनं विचारलं तर पोरगी म्हणाली, "I'm done, मम्मी. कुणालातरी होतील."

पत्र्यापलीकडे काय चाललंय ते ऐकू नये असं मला वाटत होतं, पण उठून आतही जाववलं नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. लॉकडाऊनच्या आधीच्या शेवटच्या मॅचमध्ये तिची पेनल्टी हुकली होती. धर्मपालची त्या दिवशी शिफ्ट होती, त्यामुळे तो गेला नव्हता. समोरच्या टीममधल्या कुणाच्या तरी बापानं तिच्या रंगावरून काहीतरी ओरडून म्हटलं. ते तिनं सोसलं. पण संध्याकाळी तिच्याच टीमच्या चॅटवर तिच्याच टीममधल्या मुलीनं माकडाचं चित्र टाकलं, आणि बाकीच्यांनी त्याखाली हसरे चेहरे. आणि आता टीव्हीवर तेच.

"मला का नाही सांगितलं?" धर्मपालनं विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तुम्ही मला घरी आणलं असतं. You always switch it off, पप्पा. मीपण तेच करतेय."

  इतकी वर्षं मी त्याच्या त्या बटणाची थट्टा केली, पण ते बटण बघत बघत एक मूल मोठं होतंय हे ना त्याच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या.

मग धर्मपाल बोलायला लागला. मला हे कधीच माहीत नव्हतं, आणि नलिनीलाही अर्धंच ठाऊक होतं. कॉलेजात तो हॉस्टेलच्या टीममधून खेळायचा, पुढे, गोल मारणारा. एका मॅचमध्ये समोरच्यांनी त्याला जातीवरून हाक मारली. सारखी, तो बॉलला पाय लावेल तेव्हा तेव्हा. ते परवडलं. पण त्याच्या स्वतःच्या टीममधली दोघं तिघं ते ऐकून हसली. तो तसाच मैदानाबाहेर चालत गेला, तो पुन्हा कधी आत आलाच नाही.

"स्वाभिमान म्हणून गेलो, बेटा. आणि ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण शिवी त्यांनी दिली आणि खेळ माझा गेला. ते खेळत राहिले."

क्षितिजानं विचारलं, "आणि ते टीव्हीवरचे प्लेयर्स? तुम्ही बंद केल्यावर त्यांनी काय केलं?"

"मले काय माहीत? मी पाहिलंच नाही ना."

तो स्वतःच दचकला असावा. कारण दुसऱ्या दिवसापासून त्या घरात एक वेगळंच काम सुरू झालं. धर्मपालनं आजवर जिथे जिथे टीव्ही बंद केला होता, त्या मॅचेस शोधायच्या आणि बंद केल्यापासून पुढे बघायच्या. हॉस्टेलवर बंद केलेली, सासऱ्यांकडे बंद केलेली, क्षितिजाला मांडीवर घेऊन बंद केलेली. ज्या सापडल्या त्या इंटरनेटवर सापडल्या, काहींचे नुसते तुकडे. तो सकाळची शिफ्ट करून यायचा, तिचे ऑनलाइन क्लास संपायचे, आणि दुपारी बापलेक सोफ्यावर. मी माझ्या खुर्चीत बसून कॉमेंट्री ऐकायचो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्या दुपारी मी एकही मीटिंग धड ऐकली नाही.

सगळे शेवट गोड नव्हते. एकानं गोल मारला आणि त्याच प्रेक्षकांसमोर हात पसरून उभा राहिला, तेव्हा नलिनीसुद्धा ओरडली. एक जण बॉल काखेत घेऊन चालायला लागला आणि त्याची अख्खी टीम त्याच्या मागे गेली. तेवढा तुकडा धर्मपालनं पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. एक जण मात्र शेवटपर्यंत वाईट खेळला, हरला आणि शर्टात तोंड लपवून रडत आत गेला. त्या पोराजवळ कुणीच आलं नाही.

"मग याचं काय झालं?" क्षितिजानं विचारलं. दोघांनी शोधलं.

"पुढच्या शनिवारी खेळला," धर्मपाल म्हणाला.

नंतर मग तो नादच लागला. प्रत्येकाचं पुढे काय? जो मैदान सोडून गेला होता त्याचंही. खेळला. हासुद्धा खेळला. एके दिवशी नलिनीनं मला पत्र्यावरून सांगितलं, "शैलेंद्रभाऊ, बूट पिशवीतून बाहेर आले बरं का." मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच तिला ओरडलो, "मग आता धुवून ठेवा, वास मारत असतील!"

क्षितिजानं बापाला एकच अट घातली होती. काहीही झालं तरी त्यानं मधेच उठून जायचं नाही.

तो सीझन रद्दच झाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, घरच्या घरी कोविडची टेस्ट करून लोक बाहेर पडायला लागले तेव्हा, तिची पहिली मॅच होती. धर्मपालनं मला ओढत नेलं. मैदानावर पोचल्यावर त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली. "तुझ्याजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नको." दुसऱ्या हातात संत्र्याच्या फोडींचा डबा दिला.

खेळ संपत आला असताना पेनल्टी मिळाली. क्षितिजानं बॉल ठेवला आणि पलीकडच्या बाजूनं एका पुरुषानं तो आवाज काढला. माकडाचा. इतका सहज, जणू शिट्टीच वाजवली. रेफरीनं खेळ थांबवला. त्या माणसाची हुज्जत झाली, शेवटी त्याला बाहेर काढलं. हे सगळं होईपर्यंत ती पोरगी बॉलजवळ एकटी उभी होती. मग तिच्याच टीमची गोलकीपर आपला गोल सोडून धावत आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

धर्मपालनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "किल्ली."

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्याच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

त्यानं फोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती तोंडात घातली. सालीसकट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांच्या मधून नारिंगी साल दिसत होती, लहान पोरं करतात तशी. क्षितिजानं किक मारायच्या आधी वळून बघितलं ते नेमकं तेव्हा. ती हसली. मग धावत आली आणि बॉल गोलच्या बारवरून बाहेर गेला.

गेला तर गेला. ती पळत आपल्या जागी परतली आणि ओरडून बचावाला पोरी लावायला लागली. मॅच आम्ही हरलो. धर्मपाल शेवटच्या शिट्टीपर्यंत उभा होता, आणि नंतर समोरच्या टीमलाही त्यानं उरलेल्या फोडी वाटल्या.

गाडीपाशी आल्यावर त्यानं पुन्हा हात पुढे केला. "आता दे ना बे."

मी किल्ली दिली. क्षितिजा मागच्या सीटवर चिखलाचे बूट काढत होती.

"पप्पा, पुढच्या शनिवारी कॅसल हिलला आहे मॅच," ती म्हणाली. "लवकर निघायला लागेल."