चार महिने पुणे, चार महिने नागपूर

हे गेले तेव्हा मुलगा महिनाभर माझ्याजवळ राहिला. पुण्याच्या कंपनीत तो दहा-बारा जणांच्या टीमचा साहेब आहे आणि त्याचं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरात त्यानं ह्यांच्या खोलीत टेबल मांडलं. दार लावून बोलायचा, पण आमची दारं कुठली नीट लागायला! मी स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकायचे. ऐकायला दुसरं काही नव्हतंच.

दिवसातून दहादा एक शब्द कानावर यायचा, रीअलोकेट. "उन दोनों रिसोर्स को रीअलोकेट कर दो." आठवडाभर मला वाटलं, कॉम्प्युटर इकडचे तिकडे करत असतील. शेवटी जेवताना विचारलं.

"रिसोर्स म्हणजे माणसंच वं आई," तो म्हणाला.

"मग माणसं काहून नाही म्हणत?"

"तसंच म्हणतात सगळे." आणि त्यानं भाजी मागितली.

मी हसले, पण मला बोलायला तोंड कुठे होतं? सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होते, शेवटची वर्षं वॉर्डाची इनचार्ज. माणसं इकडून तिकडे करण्यातच माझा जन्म गेला. आम्ही फक्त "ड्युटी लागली" म्हणायचो, जणू ती आपोआप लागत होती. एकदा बिरसाकडच्या आडगावातल्या दवाखान्यात तीन महिन्यांसाठी एक नर्स पाठवायची होती. मी चहा पिता पिता एका नव्या मुलीचं नाव लिहून टाकलं. तिचं लग्न होऊन चार महिनेही झाले नव्हते. ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "सिस्टर, मलेच काहून?" मी मान वर न करता म्हटलं, "कोणाले तरी जाचंच आहे." ती गेली. मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. रजिस्टर जुळलं होतं.

शब्द मात्र मला आवडला. मेथीची जुडी दोघांना जास्त होऊ लागली तेव्हा अर्धी शेजारणीला नेऊन दिली आणि ठसक्यात म्हटलं, "भाभी, रीअलोकेट कर दी." तिला वाटलं मी इंग्रजीत शिव्या देतेय. मुलगा पोट धरून हसला. हे गेल्यापासून घरात ते पहिलं हसू होतं. त्या रात्री मला वाटलं, हा असाच राहिला तर किती बरं होईल. नाही तर मला तरी घेऊन जाईल.

जायच्या तीन दिवस आधी त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर तक्ता होता, रंगीत चौकोनांचा. वर लिहिलं होतं, आई. खाली चार महिने पुणे त्याच्याकडे, चार महिने नागपूर मुलीकडे, आणि उरलेल्या चार महिन्यांत बालाघाट, त्यापुढे प्रश्नचिन्ह.

"आम्ही दोघा बहीण-भावांनी फोनवर बसून केलं," तो म्हणाला. "तुह्या वेळेचं फक्त रीअलोकेशन. एक खोली ठेवून बाकीचं घर भाड्यानं देऊ."

"मले कोणी विचारलं?"

"आता विचारूनच राह्यलो ना."

"हे विचारणं नाही, हे दाखवणं आहे. मी काय वॉर्डातला पलंग आहो, इथून उचलून तिथं लावाले?"

मला तिथेच थांबता आलं असतं. पण माझा स्वभाव! म्हटलं, मी कुठेही येत नाही, तुमचे चौकोन तुमच्याजवळ ठेवा. रविवारी त्यानं माझ्या पाया पडून गोंदियाची गाडी धरली. "चाल ना माह्यासंगं," एवढं तो फाटकाशी म्हणेल म्हणून मी उभी होते. तो ऑटोवाल्याशी बोलण्यात होता.

खरं सांगते, मला जायचं होतं. चप्पल घालून निघाले असते.

त्यानंतर घर फार मोठं झालं. वाटीभर डाळ दोन दिवस पुरायची. भाजीवाला, गॅसवाला, शेजारीण, सगळ्यांशी हिंदी. घरात मराठी बोलायला हे होते, आता कोणी नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, सकाळपासून मी आपल्या भाषेत एक वाक्य बोलले नाही. मुलाचा फोन रविवारी यायचा. जेवली का, गोळी घेतली का, बरं ठेवतो. राग त्याला होता की मला, कोण जाणे.

असे दोन महिने काढले आणि एका दुपारी लाज गुंडाळून ठेवून मीच फोन लावला.

"मले तुह्याकडे याचं आहे," मी म्हटलं. एका दमात म्हटलं, नाही तर राहिलं असतं.

"आई, सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही. तू येत नाही म्हणाली, म्हणून त्या खोलीत त्यांले ठेवलं. पाच-सहा महिने तरी लागतीन."

"सांगतलं काहून नाही?"

"तू रागात होती." मग घाईघाईनं, "पण तू ये ना. हॉलमध्ये पलंग टाकू, करू अ‍ॅडजस्ट."

हॉलमधला पलंग मला दिसला. "नाही रे, सहज म्हटलं," मी म्हणाले. आवाज बरा लागला. "गुडघ्याखाली उशी ठेवते का ती?"

"हौ, आराम पडते म्हणते."

"आधी ती उशी काढ! पाय वाकडाच राहून जाईन. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव. बर्फ लावता का? चालवता किती?"

"थांब आई, लिहून घेतो."

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. मध्येच त्यानं दोनदा विचारलं, परत सांग. वीस मिनिटं झाली असतील. महिनाभर एका घरात राहून आम्ही इतकं बोललो नव्हतो.

"आई," ठेवताना तो म्हणाला, "तू रोज फोन करशीन का? त्यांच्या व्यायामासाठी? तुले जमत असंन तरच."

त्यानं मला विचारलं होतं. मी लगेच हौ म्हटलं.