खाडा पेन्सिलीने, रजा शाईने

शनिवारी सकाळी आमच्या निवृत्त कामगारांच्या व्हॉट्सॲप गटावर मजकूर आला : ‘आपले टाइम ऑफिसवाले हमीदभाई यांनी आज सकाळी आपल्या सर्वांची कायमची रजा घेतली.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ते वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि मला संताप आला. दुःख नंतर आले. आधी संतापच, कारण विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. मी तत्काळ उत्तर टाकले, ‘वरील मजकूर दुरुस्त करावा. रजा घेतलेली नाही. रजेचा अर्ज गुरुवारपासून माझ्याकडे प्रलंबित आहे.’ मग कुणीतरी माझ्या मुलाला फोन करून ‘अण्णांची तब्येत बरी आहे ना?’ अशी चौकशी केल्याचे मला कळले. त्या चौकशीला आता सहा आठवडे होत आले. तिचे सविस्तर उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

हमीदभाईंची आणि माझी ओळख भोसरीच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात झाली. मी क्वालिटीत होतो आणि ते टाइम ऑफिसच्या खिडकीमागे बसून सगळ्यांची हजेरी सांभाळत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी त्या खिडकीत अर्ज दिला : ‘मी सोमवारी रजा घेत आहे, याची नोंद घ्यावी.’ त्यात विनंती नव्हती, नम्रता नव्हती, ‘आपला विश्वासू’ तर मुळीच नव्हते. रजा हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे आणि हक्कासाठी पदर पसरायचा नसतो, असे माझे तेव्हा मत होते. आजही आहे. अर्ज खिडकीतून परत आला.

“वकीलसाहेब,” त्यांनी मला दिलेले हे नाव शेवटपर्यंत टिकले, “तुमचा कायदा बरोबर आहे. शब्द चुकलाय.”

“कोणता शब्द?”

“रजा. माझे वडील परभणीला उर्दूचे मास्तर होते. ते सांगायचे, रजा म्हणजे संमती. समोरचा माणूस मनापासून राजी होतो, ती रजा. राजी, राजीखुशी, सगळी एका घरातली भावंडं. अरबीतून निघाली, फारसीत मुक्काम केला, मराठीत आली, आणि तिला कामावरून घरी पाठवलं ते आपण. आता तुमचा अर्ज वाचा. ‘मी संमती घेत आहे, याची नोंद घ्यावी.’ संमती अशी हिसकावून घेतात का?”

“मग राजीनामाही त्याच घरातला का?”

“सख्खा भाऊ.”

“राजीनामा देणारा माणूस राजी असतो?”

“त्या एका भावाचं घरात कुणाशी पटत नाही,” ते म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “ओ राव, शाळा सुटली असेल तर आमचं कार्ड घ्या की, शिफ्ट सुरू झाली.”

पुढे जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाकीचे दोन शब्दही समजावले. सुट्टी ही सुटण्यातून आलेली. भोंगा झाला की सगळे एकदम सुटतात, कुणाला विचारावे लागत नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार ही सगळ्यांची सुट्टी, ती कोणी कोणाला देत नाही. खाडा म्हणजे हजेरीत पडलेले नुसते भोक. रजा तेवढी माणसाने माणसाकडे मागायची आणि माणसाने माणसाला द्यायची गोष्ट. मी ऐकून घेतले, पण मान्य केले नाही. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, असे मी त्यांना दुसऱ्या दिवशी लेखी कळवले. ते पत्र त्यांनी हजेरीबुकात जपून ठेवले होते आणि नव्या माणसाला माझी ओळख करून देताना ते दाखवत असत.

मी मात्र कामाला लागलो होतो. साहेबलोक रजेचे अर्ज टेबलावर पडू देत, ना होकार ना नकार, आणि माणूस गेला की खाडा मांडत. या प्रकाराविरुद्ध मी वर्षभर पत्रे लिहिली. सतराव्या पत्रानंतर कारखान्याने फलकावर नियम लावला : अर्ज दिल्यापासून पूर्ण दोन दिवसांत लेखी उत्तर न आल्यास रजा मंजूर समजावी. मी त्या फलकासमोर हमीदभाईंना हाताला धरून नेले. त्यांनी नियम दोनदा वाचला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मुबारक, वकीलसाहेब. आता साहेब गप्प बसला तरी रजा मिळणार. फक्त एक सांगा... गप्प बसलेला माणूस राजी असतो का हो?”

“कायद्याला तेवढे पुरे आहे,” मी म्हणालो.

त्यानंतर काही वर्षांनी माझी आई गावाकडे अत्यवस्थ झाली. निरोप आला तसा मी अर्ज न देता निघालो आणि पंधरा दिवसांनी परतलो. गुरुवारच्या सुट्ट्या वगळून, माझ्याच नियमाप्रमाणे ते तेरा खाडे होते. अर्जच नव्हता, तर मंजुरी कशाची? तरीही गाडीत बसून मी निषेधाचे एक कडक पत्र तयार केले होते. खिडकीत उभा राहिलो तेव्हा हमीदभाईंनी हजेरीबुक माझ्याकडे फिरवले. माझ्या नावापुढे तेरा वेळा ‘खाडा’ लिहिले होते, पण पेन्सिलीने. “खाडा मी पेन्सिलीनं लिहितो, रजा शाईनं,” ते म्हणाले. “माणूस परत येऊन काय झालं ते सांगत नाही, तोवर मला काय माहीत, ते काय होतं? सांगा, वकीलसाहेब.” मी डोक्यावरची टोपी काढली. त्यांनी माझ्या नुकत्याच भादरलेल्या डोक्याकडे पाहिले, खोडरबर उचलले आणि म्हणाले, “राहू द्या. कळलं.” मी आयुष्यात लिहिलेल्या पत्रांपैकी न दिलेले तेवढे एकच. ते खिशातच राहिले.

निवृत्तीनंतर आम्ही मोशीला राहायला आलो. ते आकुर्डीलाच राहिले आणि दर गुरुवारी बसने आमच्याकडे येऊ लागले. आता आमचे सगळेच वार सुट्टीचे होते, पण त्यांनी गुरुवार सोडला नाही. चहा होई, शब्दांवरून वाद होई, माझ्या ताज्या पत्रांचे वाचन होई आणि मग ते दाराजवळच्या स्टुलावर बसून एक बूट घालत. दुसरा हातात धरून म्हणत, “वकीलसाहेब, रजा द्या.” आपल्याकडे निघताना ‘येतो’ म्हणतात. हमीदभाई रजा मागत, आणि ती दिल्याशिवाय दुसरा बूट घालत नसत. मीही कडक राही. “कारण नमूद करा.” “घरी भाकरी थंड होईल.” “कारण अपुरे आहे. विचाराधीन.” शेवटी आतून आमच्या सौभाग्यवती सुमनबाई ओरडत, “अहो, द्या की त्यांना, बस जाईल.” मग मी ‘दिली’ म्हणे आणि बूट पायात जाई.

त्या शेवटच्या गुरुवारी मी आमच्या बसथांब्याच्या छपराबद्दल तिसरे स्मरणपत्र लिहीत होतो. छप्पर काढून नेले होते आणि सत्तरी ओलांडलेला माणूस दर आठवड्याला तिथे उन्हात उभा राहत होता. त्या माणसासाठीच ते पत्र होते. तो माणूस स्टुलावर बसून म्हणाला, “रजा द्या.” मी म्हणालो, “थांबा जरा, ‘सबब’च्या पुढचे वाक्य जुळत नाही.” ते थांबले. गॅलरीतून सुमनला बस दिसली. ती म्हणाली, “जा तुम्ही, हमीदभाई, मी देते रजा.”

“वहिनी, तो अधिकार तुमचा नाही,” ते हसत म्हणाले. “अर्ज त्यांच्याकडे ठेवून जातो.” मी मान वर न करता हात हलवला. वाक्य जुळले तेव्हा स्टूल रिकामे होते.

आता हिशेब पाहावा. अर्ज गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता दाखल झाला. मुदत शनिवारी पाचला संपत होती. हमीदभाई शनिवारी सकाळी चहा पिता पिता गेले. सबब, माझ्याच नियमानुसार, माझे मौन ही मंजुरी ठरत नाही. मी डायरी उघडली, शनिवारच्या पानावर ‘खाडा’ असे लिहिले आणि डायरी मिटली. मात्र लिहिताना हाताने पेन्सिल उचलली होती, हे मी नमूद करतो.

परवा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आम्ही दोघे आकुर्डीला गेलो. जेवणे झाली. हमीदभाईंच्या पत्नी, आमच्या भाभी, सांगत होत्या, “शुक्रवारी दिवसभर हसत होते. म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज पडून राहिलेले पाहिले, आज माझा पडलाय. तोपण वकीलसाहेबांकडं.” निघताना मी दाराशी एक बूट घातला. दुसरा हातात घेतला, आणि ज्या माणसाने कधी कुणाकडे रजा मागितली नाही तो, म्हणजे मी, म्हणालो, “भाभी, रजा द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, “न्हाई देत. चहा ठेवलाय, बसा गुमान.” सुमन इतकी हसली की तिलाही डोळे पुसावे लागले. मी एका पायात बूट घालून बसलो, चहा घेतला आणि दिली तेव्हाच उठलो.

घरी आल्यावर मी डायरी काढली. पेन्सिलीचा ‘खाडा’ खोडला आणि शाईने ‘रजा’ लिहिले. मी राजी नाही. राजी नसताना दिलेली रजा ही रजा होते का, हा आक्षेप मला दिसतो, आणि हमीदभाई असते तर त्यांनी अशी रजा खिडकीतून परत केली असती, हेही मी जाणतो. थांब्याचे छप्पर गेल्या आठवड्यात बसले. स्टूल दाराजवळच आहे. गुरुवारी सुमन त्याच्यावरची धूळ पुसते आणि मी टेबलावरून मान वर करून तिकडे पाहतो... हातातले वाक्य जुळलेले असो वा नसो.