हो, टँकरचा दिवा मीच फोडला

लेकीचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होते, सोनचाफा खुडत. कमरेला टोपली, एक हात फांदीला. फोन खांद्यात धरून म्हटलं, "बोल गं पटकन, वरून पडले तर तुलाच यावं लागेल."

"नाही, तूच ये," ती म्हणाली. "आई, दिवस गेलेत मला. ह्या वेळी तू हवीस."

ह्या वेळी म्हणजे काय ते मला कळलं. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. ती तिकडे कॅनडात हॉस्पिटलात एकटी पडून फोनवर रडत होती, जावयाला सुट्टी मिळत नव्हती, आणि मी इथे वसईत केळीच्या वाफ्यात उभी राहून नुसतं "बाळा, बाळा" करत होते. त्या दिवशी मी स्वतःला बजावलं होतं, परत असं व्हायचं नाही. शिडीवरून उतरले, टोपली ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं, "वाडी तुम्ही बघा. मी चालले."

"कुठे?"

"कॅनडाला."

"बरं," तो म्हणाला. "जेवण करून जा."

दुसऱ्याच दिवशी वसई रोड स्टेशनाबाहेरच्या व्हिसाच्या एजंटाकडे गेले. मुलगा तरणाबांड, तोंडात सतत बडीशेप. वाडीचे कागद, बँकेचं पुस्तक, लेकीचं पत्र, सगळं त्याने भराभर कॉम्प्युटरमध्ये घातलं. शेवटी एका प्रश्नाशी आला. कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का?

"नो मारतो आंटी," तो म्हणाला.

"थांब. झाली आहे."

त्याचं बडीशेप चघळणं थांबलं. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं. मी आपली कॉटनचा ड्रेस घातलेली, केसांत चमेली, हातात छत्री.

"तुम्हाला? कशात?"

"टँकरचा दिवा फोडला होता."

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखे तोंड उघडं टाकून बसाल. लेक तेव्हा एवढीशी होती, कडेवर. शेजारी बिल्डिंगी उठत होत्या आणि त्यांना पाणी पुरवायला टँकरवाले आमच्या वाड्यांमधल्या विहिरी दिवसरात्र उपसत होते. ज्यांनी विहिरी विकत दिल्या त्यांनी दिल्या, पण पाणी जमिनीखाली सगळ्यांचं एकच. त्यांचा पंप चालला की आमची विहीर तळ दाखवायची. आणि रिकामी झालेली विहीर नुसती रिकामी राहत नाही, समुद्र जवळ आहे. एका उन्हाळ्यात आमचं पाणी मचूळ लागायला लागलं. पानवेली पिवळ्या पडल्या. पोरीला दूध पाजल्यावर वरून पाणी द्यायचे तर ती तोंड वाकडं करून थुंकायची. मग आम्ही बायका रिकाम्या कळश्या घेऊन रस्त्यात बसलो. टँकर आला, थांबला, आणि थोड्या वेळाने हॉर्न वाजवत इंच इंच पुढे सरकायला लागला. माझ्या शेजारणीच्या गुडघ्याला चाक लागायची वेळ आली. मी उठले आणि हातातली पितळेची कळशी, माझ्या आईने लग्नात दिलेली, दिव्यावर हाणली. खळ्ळ! टँकर थांबला. काय थांबला म्हणता!

पोलिसांनी सगळ्यांना उचललं, केस झाली. आमच्या वकिलांनी सगळ्या जणींना पढवून ठेवलं होतं, न्यायाधीशांनी विचारलं की "गुन्हा कबूल नाही" एवढंच म्हणायचं. बाकीच्या सगळ्या तसंच म्हणाल्या. माझी पाळी आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. तेव्हा वाडीच्या पंपाला वीज दुपारचीच यायची, आणि मी घरी नसले तर त्या दिवशी पानवेलीला पाणी नाही. शिवाय मला खोटं बोलायला जमतच नव्हतं, दिवा तर मीच फोडला होता. म्हटलं, "कबूल आहे साहेब. मीच फोडला. पण लवकर काय ते करा, वाडीची वीज येते."

कोर्टात हशा पिकला. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद झाली, म्हणजे न्यायाधीश उठून घरी जाईपर्यंत तिथल्याच बाकावर बसून राहायचं. ते संध्याकाळी उठले. पानवेलीला पाणी मिळालं नाही ते नाहीच. आणि बाकीच्यांच्या केसेस पुढे रेंगाळल्या आणि काही वर्षांनी सरकारने मागे घेतल्या. म्हणजे अख्ख्या गावात शिक्षा झालेली गुन्हेगार मी एकटी!

एजंट म्हणाला, "आंटी, एवढी जुनी केस कोण बघतंय? पेपरला वाळवी लागली असेल. नो मारा, विषय खल्लास."

मी कागद गोळा केले आणि रिक्षा करून तडक उमेळ्याला त्या वकिलांकडे गेले. आता ते पार म्हातारे झालेत, अंगणात खुर्ची टाकून बसतात. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"काय गं, वाडीची वीज आली का?"

"वकीलसाहेब, चेष्टा पुरे. माझी पोर तिकडे एकटी आहे."

सगळं ऐकल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, खोटं लिहिलंस आणि ते सापडलं तर कित्येक वर्षं दार बंद, मग बाळंतपण सोड, नातवंडाचं लग्नसुद्धा फोनवर बघावं लागेल. पण खरं लिहिलंस तर एक वाट आहे. गुन्हा जुना असेल आणि त्यानंतर माणूस सरळ वागलं असेल, तर शिक्षा झालेल्यांवर तिकडे असलेली बंदी उठवून मागायचा वेगळा अर्ज करता येतो. त्याला निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागते, पोलिसांचा दाखला लागतो, आणि स्वतःचं एक निवेदन. "तेव्हा माझं ऐकलं असतंस तर ही वेळच आली नसती," ते म्हणाले.

"तेव्हा तुमचं ऐकलं असतं तर मी खोटं बोलले असते."

"तेही खरंच," म्हातारा हसला.

कागदांसाठी खेटे घालून घालून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पण नक्कल मिळाली. त्यात लिहिलं होतं, मुद्देमाल, एक पितळी कळशी, चेपलेली, सरकारजमा. ते वाचून मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईची कळशी सरकार कशाला ठेवून घेतं? कोणत्या मंत्र्याच्या घरी पाणी भरतेय देव जाणे.

खरी लढाई तर पुढेच होती. कागद घेऊन पुन्हा एजंटाकडे गेले, तर निवेदन त्यानेच लिहून ठेवलं होतं, इंग्रजीत, छान छापून. मी म्हटलं, मराठीत सांग काय लिहिलंयस. तो वाचायला लागला, की मी अविचाराने हे कृत्य केलं, मला त्याचा मनापासून पश्चात्ताप होतो आहे, मी रोज...

"थांब, थांब. कोणाला पश्चात्ताप होतोय?"

"तुम्हाला, आंटी."

"मला कधी झाला?"

"अहो, असं लिहावं लागतं! सगळे लिहितात."

आम्ही लहानपणापासून पापनिवेदनाला जाणारी माणसं. फादरांपुढे गुडघे टेकून जे सांगायचं ते आतून यावं लागतं, आणि जे पुन्हा करायची तयारी आहे त्याचा पश्चात्ताप झाला म्हणणं हे आणखी एक पाप, एवढं आम्हाला पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधीच शिकवतात. आणि मी तर उद्या तसाच टँकर माझ्या शेजारणीच्या गुडघ्यावर आला तर उद्याही कळशी हाणीन. मी सही केली नाही.

त्या संध्याकाळी लेकीने फोनवर माझी खरडपट्टी काढली. "आई, एक सही! एक खोटा सॉरी! माझ्यापेक्षा तुला तो टँकर मोठा आहे का?"

नवराही म्हणाला, "लिही ना, काय जातंय." दोन दिवस माझं वाडीत लक्ष नव्हतं. फुलं खुडताना कळ्याच तोडल्या. मनात येई, पोर पुन्हा तशी एकटी पडली आणि काही झालं तर हा माझा खरेपणा कुठे घालू? पेन घेऊन त्या कागदासमोर बसलेसुद्धा. आणि उठले. विहिरीवर गेले, बादलीभर पाणी ओढलं, ओंजळभर प्यायले. आम्ही रस्त्यात बसलो तेव्हापासून हळूहळू टँकर बंद झाले, आणि त्यानंतरच्या एकदोन पावसाळ्यांत आमची विहीर पुन्हा गोड झाली, ती आजतागायत गोड आहे. म्हटलं, मी काय चोरी केलीय?

लेकीला फोन लावला. "मी मराठीत सांगते, तू इंग्रजीत लिही. त्यानंतर जे व्हायचं ते होऊ दे."

मी सांगितलं. "साहेब, आमच्या विहिरी उपसून नेत होते. पाणी खारट झालं, माझं मूल ते थुंकत होतं. मी टँकरचा दिवा फोडला. दुसऱ्याची वस्तू फोडू नये, म्हणून दंड भरला आणि कोर्ट उठेपर्यंत बसले. पण टँकर अडवला ह्याचं मला वाईट वाटत नाही. वाटतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल, आणि खोटं लिहू नका असं तुमच्याच अर्जावर छापलंय. त्यानंतर मी कोणाचा दिवा फोडलेला नाही, कारण तशी वेळ आली नाही. ते पाणी थुंकणारं मूल आता बाळंत व्हायचंय, तुमच्याच देशात. मी तिथे पाणी तापवायला येतेय, पाणी अडवायला नाही."

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

"आई," लेक नाक ओढत म्हणाली, "मला कधी सांगितलंच नाहीस की ते माझ्यासाठी होतं."

"तुझ्यासाठी, पानवेलीसाठी, सगळ्यांसाठी. त्यात सांगायचं काय?"

"हेच पाठवायचं. एक शब्द बदलणार नाही मी."

एजंट वैतागला. म्हणाला, आंटी, गेला तुमचा व्हिसा. मी म्हटलं, गेला तर माझा गेला, तू बटण दाब.

मग नुसती वाट बघणं. सातवा महिना लागला, आठवा लागला. लेक रोज विचारायची, मी रोज "येईल गं" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर माळ जपायचे. एका दुपारी वाडीच्या फाटकाशी स्कूटर करकचून थांबली. एजंट स्वतः आला होता, हेल्मेटसकट पळत.

"आंटी! आला! आला, आंटी!"

मी काय केलं ठाऊक आहे? हातातली टोपली वर उडवली. सगळा सोनचाफा त्याच्या अंगावर! नवरा घरातून धावत आला, त्याला वाटलं मला विंचू चावला. मी ओरडत होते, "न माफी मागता! ऐकलंत का, न माफी मागता!" शेजारपाजारच्या बायका जमल्या, त्यातली एक तीच, गुडघ्यावाली. तिने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी पोरींसारख्या नाचलो. संध्याकाळी वकीलसाहेबांना केळ्यांचा घड नेऊन दिला. ते म्हणाले, "वकिली मी केली, पण केस जिंकलीस तू."

तिकडच्या विमानतळावर खिडकीतल्या बाईने कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी विमानात घोकूनच ठेवलं होतं. छाती पुढे काढून म्हणाले, "येस. वन्स. फॉर वॉटर." तिने पुन्हा वाचलं, माझ्याकडे बघितलं, हसली आणि शिक्का मारला.

बाहेर लेक उभी होती, हे एवढं पोट घेऊन. पुढच्याच आठवड्यात मुलगी झाली, आणि मी दाराबाहेर नव्हते, लेकीच्या उशाशी होते, तिचा हात धरून. कळांच्या मधल्या वेळात ती नर्सला इंग्रजीत फुशारकी मारत होती, माझी आई पाण्यासाठी जेलमध्ये गेली होती म्हणून.

"जेल नाही गं," मी म्हटलं. "कोर्ट उठेपर्यंत."

घरी आल्यावर नातीची पहिली आंघोळ मीच घातली. पाय लांब करून बसले, तिला पायांवर पालथं घेतलं, तेल चोळलं आणि कोमट पाणी पाठीवर सोडलं. तिने असा काही टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचे खाली डोकावले.

"अगं बाई गं, आवाज बघ हिचा," मी म्हटलं. "ही तर नुसती ओरडूनच टँकर थांबवेल."

लेक पोटाला हात धरून हसत होती, "आई, नको गं, टाके दुखतात" म्हणत.