ब्रीडाला एकही घर पसंत पडेना

आयर्लंडमधल्या टिपररीकडच्या एका गावात ब्रीडा टूही शाळेची बस चालवायची. प्रत्येक पोराचा पट्टा लावून झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि हलवल्यावरही आरशात बघून पुन्हा विचारायची. तिची स्वतःची दोन्ही मुलं डब्लिनला गेली तेव्हा घरापुरती ही काळजी रिकामी पडली. मग ती शर्यतीतून बाद झालेले जखमी ग्रेहाऊंड कुत्रे घरी आणू लागली. त्यांना बरं करायचं आणि चांगल्या घरी धाडायचं.

बार्नी आला तो मागच्या उजव्या पायाला प्लॅस्टर घेऊनच. धावताना वळणावर घोटा मोडला होता. मैदानावर जन्मभर डावीकडेच वळलेला हा प्राणी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवतीही डावीकडे वळूनच फिरायचा. खाण्याचं भांडं उजव्या हाताला असलं, तर मान तिकडे ठेवून अख्खी प्रदक्षिणा घालून पोचायचा. प्लॅस्टर निघाल्यावर एकदा जिना चढला आणि मध्येच पुतळ्यासारखा उभा राहिला. जिना ही वस्तूच त्याला नवी होती. ब्रीडानं त्याला कवेत घेऊन खाली आणलं. त्याच्या पायाला काही झालं नाही, तिच्या कमरेला मात्र शेक घ्यावा लागला.

रोज पायाला मालीश, मग दोर धरून कुरणात हळूहळू चालणं, असं करत बार्नी बरा झाला. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. पहिल्या कुटुंबाच्या अंगणाची भिंत ब्रीडाला बुटकी वाटली. दुसऱ्यांची फरशी गुळगुळीत निघाली. शिवाय त्या घरातली आजी फार जोरात शिंकते, हेही तिनं त्यांच्या दोषांत धरलं.

अशा कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेतली मजेला क्वर्क ही ब्रीडाची शाळासोबतीण. तिचा फोन आला. "अगं, तू कुत्र्यासाठी घर बघतेयस की राजकन्येला स्थळ? पुढच्या आठवड्यात आपली गाडी कुत्री घेऊन इटलीला, तिकडच्या कुटुंबांकडे निघतेय. उद्या बार्नीला बघायला येणाऱ्या माणसालाही परत धाडलंस, तर बार्नी त्या गाडीत चढला म्हणून समज."

इटली म्हणजे बोट, घाट आणि नुकताच सांधलेला पाय. ब्रीडानं सोडा-ब्रेड भाजायला घेतला आणि करपवला.

दुसऱ्या दिवशी फिंटन लेसी आला. निवृत्त माणूस, एकटा, आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेला. घर बैठं, जिना नाही, भिंत उंच, फरशीवर गालिचे. ब्रीडा कसून विचारत राहिली, पण खोड सापडेना. शेवटी तिनं चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. त्यात विशेष काही नव्हतं. पहिल्यांदा तिकडे सगळेच नको म्हणतात. दुसऱ्यांदा उगाच त्रास कशाला म्हणतात, आणि तिसऱ्यांदा खुर्ची ओढतात. फिंटन तिसऱ्यांदाही नकोच म्हणाला.

ब्रीडा स्वयंपाकघरात येऊन किटलीला म्हणाली, "झालं. ज्याला आपला चहा चालत नाही, त्याला आपला कुत्रा कसा चालेल?" तिला हायसं वाटलं, आणि लगेच इटलीची गाडीही आठवली. मजेलाला फोन करण्याआधी फिंटनला बाहेरची वाट दाखवावी म्हणून ती बैठकीत गेली.

फिंटन सोफ्याच्या अगदी कडेला, एक पाय लांब करून अवघडून बसला होता. बार्नी जमिनीवर पसरला होता. त्याचं डोकं फिंटनच्या बुटावर होतं आणि लाळेनं मोजा भिजला होता.

"चहा हवाच होता हो, मिसेस टूही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पण टेबलापाशी यायचं तर उठायला हवं. आत्ताच डोळा लागलाय याचा."

ब्रीडानं कप तिथंच आणून दिला. सोबत करपलेला ब्रेडही. तो त्यानं निमूटपणे संपवला.

संध्याकाळी बार्नी फिंटनच्या गाडीत बसला. मऊ खाणं, पायाचं मालीश, शिंकायचं झालं तर हळू, सगळं तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर फिंटननंच दार लावून घेतलं, तेव्हा कुठे ब्रीडानं गाडी जाऊ दिली. घरात येऊन तिनं लगेच त्याला फोन लावला. पोचलात का?

"मी अजून तुमच्या कोपऱ्यावरच आहे," फिंटन म्हणाला. "हा मागून पुढे आलाय आणि आडवा झालाय. गियर याच्या पोटाखाली आहे."

ब्रीडा सपाता घालूनच धावली. बार्नीनं तिच्याकडे पाहून शेपूट हलवलं, आणि तो आणखीच पसरला. आत्ता नुसता दोर ओढला असता तर तो तिच्या मागोमाग घरी आला असता, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याला ढकलत, दटावत मागच्या सीटवर नेलं, दुखऱ्या पायाखाली आपली शाल घडी करून ठेवली, आणि या वेळी गाडीचं दार तिनं स्वतःच लावलं.