बिनदुधाचा चहा

चांद्याजवळच्या कोळसा खाणीत बत्त्या वाटणाऱ्या माणसाने फुटबॉलचा सामना कधी पाहिला नव्हता, पण स्कॉटलंड हरलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. हा नाद त्याला तिथल्या स्कॉटिश साहेबाने लावला. साहेबाचा देश जिंकला की बत्तीघरात सगळ्यांना दुधाचा चहा मिळे, हरला की चहाच नाही, आणि बरोबरी झाली तर बिनदुधाचा. साहेब मायदेशी गेला, तरी याने तो नेम चालूच ठेवला.

मी खाणीच्या शाळेत मास्तर. शिळा इंग्रजी पेपर माझ्या हाती दिसला की तो बत्तीघराच्या खिडकीतूनच विचारी, "गुरुजी, आपले काय करून राह्यले?" विचारतानाही बत्तीची काच पुसणारा त्याचा हात थांबत नसे.

त्या सकाळी इंग्लंडशी झालेल्या सामन्याची बातमी होती. पाळी संपवून वर आलेले गडी भिंतीला टेकून बसले होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, "जिंकले म्हणा ना जी. लय थकून गेलो."

पण खिडकीतला हात आज थांबला होता. माझ्याने खोटं बोलवेना.

"बरोबरी," मी म्हणालो.

त्याने दुधाचा भरलेला लोटा बाजूला सरकवला आणि बाहेरच्या शेगडीवर काळा चहा ठेवला.

"टाका की दूध," मी म्हणालो. "साहेबांना आता कुठे कळणार आहे?"

"म्हणूनच तं, गुरुजी," चहा गाळत तो म्हणाला. "त्याईले कळत होतं, तवा सोपं होतं."